कृतज्ञतेचा करारनामा

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘ऋण’ हा विषय सुचविला, तेव्हा प्रथम मनात आली ती आपल्या परंपरेने सांगितलेली ऋणत्रयी, आणि त्यांतही विशेषेकरून ऋषिऋण. कारण ज्याने आपल्याला विद्या दिली त्याची फेड पुढे येणाऱ्या विद्यार्थ्याला काही देऊन करावयाची, हा त्या कल्पनेतला सर्वांत उदात्त भाग होय. शिक्षणसंस्थांचे माजी विद्यार्थी ग्रंथालयाला देणगी देतात, वसतिगृह बांधून देतात, गरजू मुलांसाठी शिष्यवृत्ती ठेवतात, हे सर्व देशांत पूर्वापार चालत आलेले आहे. परंतु अमेरिकेतील विद्यापीठांच्या माजी विद्यार्थ्यांनी गेल्या पाच वर्षांत या फेडीला असे एक रूप दिले आहे, की जे तेथील क्रीडाव्यवस्थेने पिढ्यान्‌पिढ्या अपराध म्हणून गणले होते: ते आपल्या विद्यापीठाच्या फुटबॉल संघातील मुलांच्या हाती, उघडपणे आणि रीतसर करारनामा करून, पैसे ठेवतात. या कामासाठी उभारलेल्या मंडळांना तिकडे ‘कलेक्टिव्ह’ म्हणतात. हा व्यवहार जवळून पाहावा म्हणून २०२५ च्या शरदात मी टेक्सास राज्याच्या पश्चिम भागातील लबक या शहरी गेलो. कारण तेथील टेक्सास टेक विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांनी हे काम इतक्या निःसंकोचपणे व इतक्या मोठ्या प्रमाणावर केले आहे, की त्याचे गुणही तेथे स्वच्छ दिसतात आणि दोषही लपत नाहीत.

कापसाच्या मुलखातील विद्यापीठ

लबकभोवतीचे पठार इतके सपाट आहे, की क्षितिजापर्यंत दृष्टीला अडविणारी टेकडी कोठे लागत नाही, आणि शरदात त्या सपाटीवर मैलोगणती बोंडे फुटलेली असतात. वऱ्हाडात वाढलेल्या माणसाला क्षणभर आपल्याच शिवारात आल्याचा भास व्हावा, मात्र वेचणीला माणसांची रांग दिसत नाही, एकेकटे अजस्र यंत्र सबंध शेत वेचून जाते. दक्षिणेकडे गेले, की कापूस सरतो आणि पर्मियन खोऱ्यातील तेलाच्या विहिरी सुरू होतात. या कापसाच्या आणि तेलाच्या मुलखाला आपले असे उच्च शिक्षणाचे केंद्र हवे, या मागणीतून १९२३ साली हे विद्यापीठ तंत्रमहाविद्यालय म्हणून स्थापन झाले. स्पॅनिश धाटणीच्या त्याच्या इमारतींमुळे संघाला आरंभी ‘मॅटाडोर’ हे नाव मिळाले होते; पुढे ते ‘रेड रेडर्स’ झाले, तरी जुने नाव लोकांच्या मनातून पुसले गेले नाही, आणि २०२२ साली माजी विद्यार्थ्यांनी आपले मंडळ काढले तेव्हा त्यांनी त्याला मॅटाडोर क्लब हेच नाव दिले.

तेथे अभियांत्रिकीचे उच्च शिक्षण घेणारा एक मराठी तरुण माझा वाटाड्या झाला. सामन्याच्या आदल्या दिवशी त्याने मला विनोदी नट विल रॉजर्स याचा अश्वारूढ पुतळा दाखविला. विद्यार्थ्यांचा एक संघ प्रत्येक घरच्या सामन्यापूर्वी तो पुतळा तांबड्या कागदी पट्ट्यांनी नखशिखांत गुंडाळून काढतो. “काका, शनिवारी इथं गाव वेगळं आणि विद्यापीठ वेगळं असं काही राहत नाही, आम्ही परदेशी पोरंसुद्धा तांबडे सदरे घालून निघतो,” असे तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या बोलण्याचा प्रत्यय आला. सुमारे अडीच लाख वस्तीच्या त्या शहरात साठ हजारांच्या आसपास प्रेक्षक मावतील असे क्रीडागार आहे, आणि त्याच्या भोवतालच्या वाहनतळांवर सकाळपासून तंबू पडलेले, शेगड्यांवर मांस भाजले जात असलेले, आणि आजोबा, मुलगा व नात अशा तीन पिढ्या एकाच विद्यापीठाचे चिन्ह छातीवर वागवीत बसलेल्या. सामना सुरू होण्यापूर्वी मुखवटा घातलेला स्वार काळ्या घोड्यावरून मैदानात दौड करून जातो. प्रारंभीची लाथ बसताच मैदानावर टॉर्टिया नावाच्या पोळ्या भिरकावण्याचीही तेथे प्रथा होती; २०२५ च्या हंगामात तिच्यापायी संघाला दंड होऊ लागला, म्हणून क्रीडा-संचालकांनाच ती थांबविण्याची विनंती करावी लागली.

आपल्याकडे फुटबॉल म्हणतात तो खेळ हा नव्हे. लंबगोल चेंडू हाती घेऊन, चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढे सरकायचे, असा हा अकरा-अकरा जणांचा भूमी जिंकण्याचा खेळ आहे. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक सर्वांच्या डोळ्यांत भरतो. परंतु त्याच्यापुढे तटबंदीसारखे उभे राहणारे पाच भारदस्त गडी चेंडू घेऊन क्वचितच धावतात, त्यांची नावे फारशी कोणाच्या तोंडी नसतात, आणि तरीही प्रत्येक डावात समोरच्याची धडक छातीवर घेणे हे त्यांचेच काम असते. तंबूत शेजारी बसलेल्या एका वृद्ध माजी विद्यार्थ्याला मी विचारले, की आपण या मुलांसाठी पैसे का देता? त्याचे उत्तर सरळ होते: “आम्ही तिकीट काढतो ते या मुलांना पाहायला. त्या पैशातून प्रशिक्षकाला मिळत होते, दूरदर्शनवाल्यांना मिळत होते, सदरे विकणाऱ्यालाही मिळत होते. फक्त मुलांनाच मिळत नव्हते, हे ध्यानात यायला आम्हाला फार वर्षे लागली.”

हौशीपणाचे फर्मान

ती वर्षे का लागली, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. विसाव्या शतकाच्या आरंभी मैदानावर मुले दगावू लागली, तेव्हा खेळाला शिस्त लावण्याच्या हेतूने विद्यापीठांची जी संघटना १९०६ साली आकारास आली, तीच पुढे एनसीएए या नावाने महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राची सर्वसत्ताधीश झाली. खेळाडू हा हौशीच असला पाहिजे, त्याला शिक्षणशुल्क, राहणे व जेवण यांपलीकडे काही मिळता कामा नये, हा तिचा मूलमंत्र होता; आणि मंत्र म्हणून तो उदात्तच वाटतो. परंतु त्याची दुसरी बाजू १९५५ साली उघड झाली. कोलोरॅडोतील फोर्ट लुइस महाविद्यालयाकडून खेळताना रे डेनिसन हा तरुण डोक्याला मार लागून मरण पावला, आणि त्याच्या विधवेने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. तेव्हा १९५७ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिचा दावा फेटाळला, कारण मृत खेळाडू महाविद्यालयाचा नोकर ठरत नव्हता. खेळाडूला विद्यार्थी म्हणण्यात गौरव होता, हे खरे. पण त्याच गौरवाने त्याच्या कुटुंबाचा हक्क हिरावून घेतला.

पुढे १९८४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सामन्यांच्या प्रक्षेपणावरील एनसीएएची मक्तेदारी मोडली, विद्यापीठे आपापल्या गटांमार्फत प्रक्षेपणाचे हक्क विकू लागली, आणि या खेळात पैशाचा असा ओघ सुरू झाला, की कित्येक राज्यांत सरकारी पगारपत्रकावरील सर्वांत मोठा आकडा फुटबॉल-प्रशिक्षकाच्या नावापुढे दिसू लागला. खेळाडूंविषयीचे फर्मान मात्र जसेच्या तसे राहिले. संघावर जीव टाकणारे धनिक गुप्तपणे पैसे देत, आणि पकडले गेले तर शिक्षा होई. डॅलस येथील सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाने, पूर्वीच्या शिक्षा होऊनही, खेळाडूंना गुप्त निधीतून पैसे देणे चालूच ठेवले, म्हणून त्याचा १९८७ चा संपूर्ण हंगाम रद्द करण्यात आला. त्या शिक्षेला आजही ‘मृत्युदंड’ म्हणून ओळखतात, आणि त्यानंतर कित्येक वर्षे तो संघ डोके वर काढू शकला नाही.

या फर्मानाची तटबंदी ढासळली ती न्यायालयांत. लॉस एंजलिसच्या यूसीएलए विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू एड ओबॅनन याला एका संगणकीय खेळात आपली हुबेहूब प्रतिकृती दिसली. तिच्याबद्दल त्याला एक कपर्दिकही मिळाली नव्हती, म्हणून त्याने २००९ साली फिर्याद केली. २०१९ साली कॅलिफोर्नियाने खेळाडूंना आपल्या नावाचा व चेहऱ्याचा मोबदला घेण्याची मुभा देणारा कायदा केला. शेवटी २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊही न्यायाधीशांनी ऑल्स्टन खटल्यात एनसीएएविरुद्ध एकमुखाने निकाल दिला, आणि १ जुलैपासून खेळाडूला आपले नाव, प्रतिमा व ओळख यांचा मोबदला घेण्याची परवानगी मिळाली. विद्यापीठाने स्वतः पैसे देण्यास मात्र मज्जाव कायम राहिला.

मंडळ चालते कसे

हा मज्जाव आणि ती परवानगी यांच्यामधील फटीत कलेक्टिव्हचा जन्म झाला. बाजारावर सर्व सोपवले असते, तर गावातला मोटारविक्रेता क्वार्टरबॅकला जाहिरातीत घेईल, पण समोरची धडक झेलणाऱ्या तटबंदीतल्या गड्याला कोण विचारणार? सबंध संघाची काळजी घ्यायची, तर पैसा एकत्र करून वाटणारे कोणीतरी हवे होते, आणि विद्यापीठाशी भावनेने बांधलेला पण त्याच्या नियमांबाहेर असलेला एकच वर्ग होता, तो माजी विद्यार्थ्यांचा. २०२१ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाच्या एका माजी बेसबॉलपटूने असे पहिलेवहिले मंडळ उभारले. त्याच वर्षाअखेर ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातील आघाडीच्या तटबंदीतील प्रत्येक शिष्यवृत्तिधारक खेळाडूला वर्षाला ५०,००० डॉलर देण्याचे एका मंडळाने जाहीर केले. आणि ज्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाला १९८७ साली मृत्युदंड झाला होता, तेथील माजी विद्यार्थ्यांनी २०२२ साली फुटबॉल व पुरुष-बास्केटबॉल संघांतील खेळाडूंसाठी वार्षिक ३६,००० डॉलर उघडपणे ठरविले.

टेक्सास टेकमध्ये या कामाचे अध्वर्यू कोडी कॅम्पबेल. ते स्वतः याच संघाच्या आघाडीच्या तटबंदीत खेळले. पुढे मित्र जॉन सेलर्स यांच्यासह तेल व वायूच्या व्यवसायात त्यांनी अपार संपत्ती मिळविली, विद्यापीठाच्या नियामक मंडळावर त्यांची नेमणूक झाली, आणि २०२१ साली त्यांनी दिलेल्या अडीच कोटी डॉलरांच्या देणगीमुळे आज मैदानाला त्यांचे नाव आहे. जुलै २०२२ मध्ये मॅटाडोर क्लबने फुटबॉल संघातील सुमारे शंभर खेळाडूंना प्रत्येकी २५,००० डॉलरांचा, म्हणजे त्या वेळच्या दराने जवळजवळ वीस लाख रुपयांचा, एक वर्षाचा करार देऊ केला. त्यात ज्यांना तिकडे ‘वॉक-ऑन’ म्हणतात, म्हणजे शिष्यवृत्ती नसता केवळ जिद्दीने सराव करणारी जी मुले असतात, त्यांतल्याही कित्येकांचा समावेश होता. ज्या माणसाने स्वतः अप्रसिद्ध राहणाऱ्या जागेवर उभे राहून धडका झेलल्या, त्याच्या मंडळाने पहिले दान सर्वांना सारखे दिले, ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते.

असल्या मंडळांचा दैनंदिन कारभार एखाद्या धर्मादाय संस्थेसारखा आणि एखाद्या पेढीसारखा, असा दुहेरी चालतो. मोठे धनिक मोठ्या रकमा देतात, सामान्य माजी विद्यार्थी दरमहा वर्गणी भरतात, आणि त्या बदल्यात सभासदांना खेळाडूंना भेटण्याचे, त्यांच्या स्वाक्षऱ्या घेण्याचे प्रसंग मिळतात. खेळाडू करारावर सही करतो. त्यात त्याने रुग्णालयातील मुलांना भेटावे, अन्नदान केंद्रावर काम करावे, शाळेत जाऊन वाचून दाखवावे, असली कामे नमूद असतात. करार विद्यापीठाच्या नियमपालन-कचेरीत दाखल करावा लागतो. मिळालेल्या रकमेतून कर आधी कापला जात नाही. खेळाडू स्वतंत्र व्यावसायिक गणला जातो, आणि आयुष्यात प्रथमच मोठी रक्कम पाहणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला वर्षाअखेर सरकारचा हिस्सा आपल्या गाठीचा भरावा लागतो. त्यामुळे शहाण्या मंडळांना पैशाबरोबर जमाखर्चाचे शिक्षणही द्यावे लागते.

माझ्या वाटाड्याने येथे एक बारकावा सांगितला, जो परदेशी विद्यार्थ्यालाच सुचावा. “काका, आमचा जो व्हिसा असतो, तोच इथल्या परदेशी खेळाडूंचा असतो. मला कॅम्पसबाहेर सहजासहजी नोकरी करता येत नाही, तसं त्यांनाही या करारातलं काम करता येत नाही.” एकाच मैदानावर, एकाच सदऱ्यात, सारखाच घाम गाळणाऱ्या दोघांपैकी एकाला मोबदला मिळतो आणि दुसऱ्याला केवळ पारपत्राच्या रंगामुळे तो घेण्याची पंचाईत पडते.

या दातृत्वाचा प्रवाह फुटबॉलपुरताच राहिला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. २०२४ साली स्टॅनफर्डहून आलेल्या निजारी कॅनडी या सॉफ्टबॉल-गोलंदाज तरुणीशी मॅटाडोर क्लबने दहा लाख डॉलरांहून अधिक रकमेचा एक वर्षाचा करार केला; त्या खेळात तोपर्यंत असे कधी घडले नव्हते. पुढच्याच वर्षी तिचा संघ राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. संधी आणि साधने दिली, तर स्त्रियांच्या खेळालाही प्रेक्षक व प्रतिष्ठा लाभते, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही.

तहनामा आणि त्यानंतर

परंतु देणारे हात वाढले, तशी स्पर्धाही वाढली. खेळाडूंना एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना पूर्वी जे एक वर्ष बसून काढावे लागे, ते बंधन प्रथम एका वेळेपुरते आणि २०२४ पासून जवळजवळ संपूर्ण उठले; त्यामुळे दर हंगामाअखेर बोली सुरू झाली, आणि सद्भावनेने काढलेली मंडळे हळूहळू संघबांधणीचे खजिने बनली. जून २०२३ मध्ये करखात्याच्या विधिज्ञांनी असे मत दिले, की यांतील अनेक मंडळांचा मुख्य लाभ खेळाडूंनाच होत असल्याने ती धर्मादाय म्हणून करमाफीस पात्र ठरू नयेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये टेनेसीतील न्यायालयाने, खेळाडूला विद्यापीठ निवडण्यापूर्वी अशा करारांविषयी बोलणी करण्यास मनाई करणारा एनसीएएचा नियम स्थगित केला. अखेर ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी, खेळाडूंच्या मोबदल्याविषयीच्या ज्या खटल्याला ग्रँट हाउस या जलतरणपटूचे नाव आहे, त्यातील तहनाम्यास मंजुरी दिली. त्यानुसार माजी खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरांची भरपाई दहा वर्षांत मिळावयाची आहे, आणि १ जुलै २०२५ पासून विद्यापीठे पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरांपर्यंतची रक्कम खेळाडूंना स्वतः वाटू शकतात. बाहेरून येणारा ६०० डॉलर वा त्याहून अधिक रकमेचा प्रत्येक करार तपासणीसाठी सादर करण्याचे बंधन आले, आणि त्यावर देखरेख करण्यासाठी कॉलेज स्पोर्ट्स कमिशन हे नवे ठाणे बसले.

१ जुलै २०२५ पूर्वी दिलेल्या रकमा या मर्यादेत धरल्या जाणार नव्हत्या. ते ओळखून टेक्सास टेकच्या धुरीणांनी आधीच मोठ्या रकमा चुकत्या केल्या, आणि ठिकठिकाणचे नामांकित खेळाडू आपल्याकडे आणले. डिसेंबर २०२५ मध्ये संघाने आपल्या बिग ट्वेल्व्ह गटाचे अजिंक्यपद इतिहासात प्रथमच जिंकले. १ जानेवारी २०२६ रोजी राष्ट्रीय बादफेरीत ओरेगॉनकडून त्याचा २३-० असा पराभव झाला. पैशाने संघ शिखराजवळ नेता येतो, हे त्या हंगामाने सिद्ध केले. शिखर विकत मिळत नाही, हेही त्यानेच दाखविले. दरम्यान कॅम्पबेल यांनी आणखी एक प्रश्न राष्ट्रापुढे मांडला आहे: प्रक्षेपणविषयक १९६१ चा कायदा सुधारून सर्व गटांना आपले हक्क एकत्र विकण्याची मुभा द्यावी, म्हणजे उत्पन्न वाढेल आणि लहान विद्यापीठे व कमी उत्पन्नाचे खेळ तगून राहतील, असे त्यांचे म्हणणे आहे. त्या सूचनेला मोठ्या गटांचा विरोध आहे; परंतु देणग्या देऊन प्रश्न सुटणार नाही, हे देणगीदारांच्या अग्रणीनेच ओळखावे, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

ऋण कोणाचे?

लबकच्या त्या वाहनतळावर भेटलेली माणसे सर्वतोपरी सज्जन होती, आणि त्यांच्या देण्यामागे कृतज्ञता होती याविषयी माझ्या मनात संदेह नाही. त्यांना वाटते, की विद्यापीठाने आपल्याला घडविले, त्याची आपण फेड करीत आहोत. परंतु हिशेब नीट मांडला, तर या प्रकरणात खरा ऋणको माजी विद्यार्थी ठरत नाही. खेळाडूंच्या श्रमावर ज्यांनी क्रीडागारे बांधली, प्रक्षेपणाचे करार केले, प्रशिक्षकांना कोट्यवधी दिले, त्या विद्यापीठांचे हे देणे होते. आणि ते त्यांनी चुकते केले नाही, म्हणून ते सहृदय धनिकांनी आपल्या खिशातून भरले. दुसऱ्याचे कर्ज प्रेमापोटी फेडणे हे थोर काम आहे, तथापि त्यामुळे मूळ ऋणकोची जबाबदारी संपत नाही.

शिवाय औदार्यावर उभारलेली व्यवस्था औदार्याइतकीच चंचल असते. फ्लोरिडातील एका मंडळाने एका होतकरू क्वार्टरबॅकशी केलेला १ कोटी ३८ लाख ५० हजार डॉलरांचा करार २०२२ च्या अखेरीस रद्द झाला, आणि तो प्रश्न पुढे न्यायालयात गेला. ज्या विद्यापीठाच्या पदवीधरांना तेलाच्या विहिरी लाभल्या तेथील खेळाडू सुखी, आणि ज्याचे पदवीधर प्रामुख्याने शिक्षक वा परिचारिका झाले तेथील खेळाडू उपेक्षित, या भेदात खेळाडूच्या गुणावगुणांचा काहीच संबंध नाही. नव्या तहनाम्यानेही हा भेद पुरता मिटलेला नाही: वाटपाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग बहुतेक मोठ्या विद्यापीठांत फुटबॉलकडेच जातो, आणि ज्यातील खेळाडूच्या नावाने खटला लढला गेला त्या जलतरणासारख्या खेळांच्या वाट्याला फारच थोडे येते. गुडघा कायमचा निकामी झालेल्या, वा डोक्याला वारंवार मार बसलेल्या खेळाडूची पुढील आयुष्यातील शुश्रूषा ही तर अद्याप कोणत्याही करारनाम्याने आपली जबाबदारी म्हणून पुरेशी मानलेली नाही. १९५७ साली न्यायालयातून रिक्तहस्ते परतलेल्या त्या विधवेचा प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

म्हणून माझा अभिप्राय असा आहे. खेळाडूला मिळणारा मोबदला हा विद्यापीठाने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खजिन्यातून आणि खेळाडूंच्या प्रतिनिधींशी वाटाघाटी करून ठरविलेल्या करारान्वये द्यावा. त्यात दुखापतीच्या दीर्घकालीन उपचाराची तरतूद असावी, आणि खेळ संपल्यावर पदवी पुरी करण्याची हमी असावी. माजी विद्यार्थ्यांना तरीही पुष्कळ करण्यासारखे उरेल: मैदान सोडून बाहेर पडणाऱ्या तरुणाला व्यवसायाची वाट दाखविणे, त्याच्या पैशाचा विनियोग त्याला शिकविणे, जे खेळ कोणी पाहत नाही त्यांना आधार देणे. टेक्सास टेकच्या माजी विद्यार्थ्यांनी आपल्या खेळाडूंना पैसे दिले, हे त्यांनी योग्यच केले. परंतु जे मुळात देणे होते ते दान म्हणून स्वीकारण्याची पाळी कोणत्याही विद्यार्थ्यावर येऊ नये, आणि ती येणार नाही असा बंदोबस्त करणे हे त्याच्या विद्यापीठाचे कर्तव्य आहे.